फाटकाबाहेरचे आईबाप

"आम्ही फी भरतो, शिकवण्याचे काम त्यांचे." "आम्ही शिकवतो, घरी लक्ष देण्याचे काम त्यांचे." ही दोन वाक्ये माझ्या धर्मगुरुपदाच्या वर्षांत मी असंख्य वेळा ऐकली आहेत. पहिले मिस्सानंतर चर्चच्या अंगणात, दुसरे शाळेच्या शिक्षकखोलीत. बोलणारी माणसे दोन्हीकडची चांगली आहेत, कष्टाळू आहेत, रविवारी एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी आहेत. परंतु एकाच मुलाविषयी बोलताना दोघेही त्याला दुसऱ्याच्या अंगणात ढकलून मोकळे होतात आणि ते मूल दोन्ही अंगणांमधल्या कुंपणावर उभे राहते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

पालक आणि शिक्षक यांचे संबंध सुधारले पाहिजेत, असे म्हटले की कोणी विरोध करीत नाही. स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा तसे बोलतो, पालक टाळ्या वाजवतात, शिक्षक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी फाटक नेहमीच्या वेळी बंद होते. माझे म्हणणे थोडे कडू आहे. हे संबंध बिघडले आहेत, असेही मला म्हणता येत नाही. कारण बिघडण्यासाठी आधी ते असावे लागतात. आपल्या बहुतेक पालकांची आणि त्यांच्या मुलाच्या शिक्षकांची ओळखच नसते. त्यांची पहिली खरी भेट तक्रारीच्या दिवशी होते. जी ओळख तक्रारीने सुरू होते तिच्यातून विश्वास कसा उपजावा? आणि या स्थितीला पालकांइतकेच, किंबहुना पालकांहून अधिक, आम्ही शाळा चालवणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी जबाबदार आहोत. दुसऱ्याच्या पदरात माप घालण्यापूर्वी स्वतःच्या पदरात घ्यावे, म्हणून प्रथम माझीच एक चूक सांगतो.

चार मिनिटांची भेट

काही वर्षांपूर्वी वसईतील एका धर्मग्रामात असताना तेथील इंग्रजी माध्यमाच्या शाळेची जबाबदारी माझ्याकडे होती. सातवीतील एक मुलगा वर्गात झोपत असे. गृहपाठ अर्धवट, वही फाटकी, चाचणीत गुण कमी. वर्गशिक्षिकेने त्याच्या डायरीत तीन वेळा शेरे लिहिले. तिन्ही शेऱ्यांखाली आईची सही होती, पण फरक काही पडला नाही. शेवटी आईला बोलावणे गेले.

ती आली. फुलांचा धंदा करणारी बाई. वाडीतला सोनचाफा दादरच्या बाजारात नेऊन विकणारी. माझ्या कचेरीत आम्ही चौघे होतो: मी, शिक्षिका, ती आई आणि तो मुलगा. मी खुर्चीत होतो, शिक्षिकाही खुर्चीत होत्या. आई उभी होती. तिला "बसा" म्हणावे हे आम्हां दोघांपैकी कोणालाही सुचले नाही. शिक्षिकेने मुलाचे दोष इंग्रजीतून सांगितले. आई म्हणाली, "होय, टीचर." तिला किती समजले असेल अशी शंका आली म्हणून मी मुलालाच म्हटले, "टीचर काय म्हणतात ते आईला सांग." त्याने मान खाली घालून टीचरच्या पाच-सहा वाक्यांचे एकच वाक्य केले: "अभ्यास कर म्हणतात." त्याची लबाडी माझ्या ध्यानात आली, मी हसलो आणि पुढे गेलो. "मुलाकडे लक्ष द्या," एवढे बोलून मी उठलो. आईने हात जोडले. भेट चार मिनिटांत संपली.

या प्रसंगातील खरी लाज पुढेच आहे. शिक्षिका वसईच्याच होत्या, मीही इकडचाच. त्या आईची बोली आमच्या दोघांच्याही घरी बोलली जाते. त्या खोलीत इंग्रजीची गरज एकाही माणसाला नव्हती. तरीही भाषा इंग्रजी होती, कारण शाळेच्या आवारात इंग्रजीतच बोलावे असा नियम होता आणि त्या नियमाच्या परिपत्रकाखाली सही माझी होती.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी त्या घरातील आजोबा अत्यवस्थ झाले आणि रुग्णाभिषेकासाठी मला रात्री बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. वाडीत बॅटरीचा उजेड हलत होता. तो मुलगा चाफा खुडत होता. वडिलांचा पाय मोडून ते चार महिने अंथरुणावर होते. आई आणि मुलगा मिळून रात्रीच फुले काढीत. आई ती घेऊन पहाटेची लोकल पकडी. मुलगा धाकट्या बहिणीला उठवून, चहा-भाकरी देऊन, सात वाजता शाळेत हजर होई. दहा वाजता त्याला झोप येई. त्यात नवल ते काय?

दुसऱ्या दिवशी हे मी शिक्षिकेला सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला कोणी सांगितलं नाही, फादर." आजोबांच्या महिन्याच्या मिस्सानंतर आईला विचारले, "बाई, त्या दिवशी कचेरीत का नाही बोललात?" ती म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही, फादर." डायरीतील सह्या मुलाच्याच होत्या, आईने ते शेरे कधी पाहिलेच नव्हते.

पुढच्या जूनमध्ये त्याने ती शाळा सोडली. नववीनंतर शिक्षणही सुटले. आज तो टेम्पो चालवतो. रविवारी भेटला की आदराने हात जोडतो. त्याने हात जोडले की माझी नजर खाली जाते. "कोणी सांगितलं नाही" आणि "कोणी विचारलं नाही" या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एक हुशार मुलगा आमच्या हातून निसटला. दोन्ही बायका निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. पण ती फट बुजवण्याचे काम ज्याचे होते तो मी होतो.

नियम कोणाला माहीत आहेत?

कोणी म्हणेल, हा एका घराचा दुर्दैवी योग झाला. त्यावरून सगळ्यांना दोष का देता? म्हणून आता भावना बाजूला ठेवून नियमांकडे वळू.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शाळा ही त्यांची मदतनीस. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील ७९६ वे कलम त्याहूनही पुढे जाते. ज्या शिक्षकांच्या हाती आईवडील आपले मूल सोपवतात त्यांच्याशी त्यांनी निकटचे सहकार्य करावे, असे ते पालकांना सांगते. शिक्षकांना सांगते की, त्यांनी पालकांशी तितक्याच निकटतेने काम करावे, त्यांचे म्हणणे आनंदाने ऐकून घ्यावे. आणि त्यासाठी पालकांच्या संघटना किंवा सभा स्थापन कराव्यात व त्यांना मोठा मान द्यावा. 'आनंदाने ऐकून घ्यावे' या तीन शब्दांपाशी मी पुष्कळदा थबकलो आहे. सेमिनरीत ही संहिता आम्ही अभ्यासली, तिच्यावर परीक्षा दिली. विवाहाच्या कलमांचा आम्ही काटेकोर हिशेब ठेवतो. ७९६ व्या कलमाचा हिशेब आम्हांला कोणी विचारला नाही आणि आम्ही कोणाला दिला नाही.

देशाचा कायदाही असाच बोलतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये मोजली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व प्रगती यांविषयी त्यांना माहिती देणे हे त्यांपैकी एक. येथे आमच्यापैकी काही व्यवस्थापक चटकन सांगतात की, हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसा निर्वाळा दिला, हे खरे आहे. त्या निकालाचा फेरविचार व्हावा की नाही, हा प्रश्न २०२५ मध्ये त्याच न्यायालयात पुन्हा उपस्थित झाला आहे, हेही खरे आहे. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. परंतु आपल्या आईबापांना बसायला खुर्ची देण्यापासून सूट मिळावी, म्हणून काही घटनेने आपल्याला अल्पसंख्याकांचे हक्क दिलेले नाहीत. जेथे सरकारचा कायदा थांबतो तेथे आपल्या धर्मसभेचा कायदा उभा आहे आणि तो अधिक कडक आहे. ख्रिस्ती शाळा म्हणून आपण वेगळ्या असू, तर तो वेगळेपणा फाटकापाशीच दिसला पाहिजे.

भाषेचे कुलूप

फाटकाला लोखंडी कुलूप असते तसे एक भाषेचेही असते. लोखंडी कुलूप निदान डोळ्यांना दिसते.

इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही. तो निर्णय पालकांनी घेतला आहे, मुलांच्या पोटापाण्याचा विचार करून घेतला आहे. परंतु मुलाचे माध्यम इंग्रजी झाले म्हणून आईचे माध्यम इंग्रजी होत नाही. आपल्या घरोघरी आजही अशा माता आहेत ज्या संसार चालवतात, बाजारात हिशेब करतात, महिला मंडळात खणखणीत बोलतात. पण शाळेची पायरी चढताच मुक्या होतात. त्यांना बोलता येत नाही असे नव्हे. त्यांच्या भाषेत बोलले तर मुलाचा अपमान होईल असे त्यांना वाटते. आणि कधी कधी मूलही तसेच सांगते: "आई, तू नको येऊस, पप्पांना पाठव." हे वाक्य ज्या आईने ऐकले आहे तिच्या काळजाची कल्पना करा. ज्या शाळेने मुलाच्या तोंडी हे वाक्य घातले तिने त्याला इंग्रजी शिकवले असेल. पण चौथ्या आज्ञेचा धडा तिने त्याच्याकडून पुसून घेतला.

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले, इथल्या लोकांची भाषा शिकले आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. इंग्लंडात जन्मलेला धर्मगुरू आमच्या पूर्वजांशी मराठीत बोलला. आणि चारशे वर्षांनंतर याच मातीत जन्मलेले आम्ही आमच्याच आईबहिणींशी इंग्रजीत बोलतो! संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांना पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. गोरगरिबांच्या मुलांना वाचन शिकवताना लॅटिन मागे ठेवून घरच्या फ्रेंच भाषेपासून सुरुवात करण्याचे धाडस त्यांनी सतराव्या शतकात दाखवले. त्यांची तसबीर आपल्या काही शाळांच्या भिंतींवर आहे. त्यांचा धडा मात्र कचेरीत पोहोचलेला नाही.

फीची पावती आणि मुलाचे मन

आता पालकांकडे वळतो. आतापर्यंतचे वाचून ज्यांना बरे वाटले असेल त्यांनी थोडे थांबावे.

फी भरणारा पालक स्वतःला गिऱ्हाईक समजू लागला आहे. दुकानात दिलेल्या पैशांचा माल मिळाला नाही तर जसा आवाज चढतो, तसा तो शाळेत चढतो. पण ज्याच्यावर आवाज चढवता त्याच्या हाती तुमच्या फीतले किती पडते याची कधी चौकशी केली आहे का? महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना सुरू झाली. नव्याने लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे. २०२३ साली वाढ होईपर्यंत प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत. वाढीनंतर ते १६,००० झाले. डी.एड. झालेला तरुण सहा हजारांवर तुमच्या मुलाला अक्षर गिरवायला शिकवीत होता, त्या वेळी आपल्या वाडीत एका दिवसाच्या मजुरीचा दर काय होता, हे ज्याचे त्याने आठवावे.

दुसरी गोष्ट भ्रमणध्वनीवरील वर्गगटांची. शिक्षिकेने सूचना पाठवावी म्हणून हे गट झाले. आज पुष्कळ ठिकाणी शिक्षिका नसलेला दुसरा गट असतो आणि तेथे तिच्या उच्चारांपासून तिच्या साडीपर्यंत सगळ्यांची उजळणी होते. रात्री अकरा वाजता एखादी आई लिहिते, "आमच्या सोन्याला आज टीचर ओरडल्या." बारा वाजेपर्यंत चाळीस जण निवाडा देऊन मोकळे होतात. टीचरला काय झाले ते एकानेही विचारलेले नसते. चुगली हे पाप आहे, असे आपण पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीत मुलांना शिकवतो. ते बोटांनी केले तर माफ असते असे मी कोठे वाचलेले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. जेवताना मुलासमोर शिक्षकाची टर उडवणे. "त्या मास्तरला काय येतंय?" हे वाक्य बापाच्या तोंडून एकदा बाहेर पडले की दुसऱ्या दिवशी मूल वर्गात बसते, पण ऐकत नाही. ज्याला आपल्या बापाने कमी लेखले त्याच्याकडून शिकायचे कसे? तुमचे म्हणणे खरेही असेल. शिक्षक कच्चा असेल. मग शिक्षकाला भेटा, मुख्याध्यापकांना भेटा, माझ्याकडे या. पण मुलाच्या ताटात ते वाढू नका.

आणि बाप मंडळींसाठी चार शब्द. शाळेच्या सभेला आई येते. बाप येतो तो भांडणाच्या दिवशी, बाह्या सरसावून. नोकरी मुंबईला, कोणी आखातात, कोणी बोटीवर. अडचण मला कळते. परंतु जो बाप धर्मग्रामाच्या सणाच्या क्रिकेट सामन्यांसाठी रजा काढू शकतो, त्याला वर्षातून एक सकाळ मुलाच्या शिक्षकासाठी काढता येणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

जुन्या काळाचे गोडवे

येथे एक वयस्क गृहस्थ माझ्यावर डोळे वटारतील. "आमच्या वेळी असे नव्हते, फादर. मास्तर घरी येत. माझा बाप म्हणे, हाडं आमची, कातडं तुमचं." तो काळ मीही पाहिला आहे. आमच्या ओट्यावर सायकल टेकवून मास्तर बसत, आई चहा आणी, वडील केळीचा घड बांधून देत. त्या ओट्यावरची आपुलकी परत यावी असे मलाही वाटते. परंतु त्या आपुलकीच्या आडोशाने किती मुलांच्या हातांवर वळ उठले, किती मुले छडीच्या भयाने शाळा सोडून वाडीत गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. कातडे मुलाचे होते. ते देऊन टाकण्याचा हक्क बापाला कोणी दिला? शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली, हे योग्यच झाले.

म्हणून स्पष्ट सांगतो. चांगले संबंध याचा अर्थ गप्प बसणे नव्हे. मुलाला मारले, वर्गासमोर त्याच्या जातीवरून, रंगावरून, गरिबीवरून हिणवले, तर पालकाने त्याच दिवशी शाळेत जावे. आणि मुलाच्या शरीराशी गैरवर्तन झाल्याचे कानावर आले, तर तेथे शाळेची अब्रू, धर्मग्रामाची अब्रू, धर्मगुरूची अब्रू असले काहीही मध्ये आणू नये. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी गोष्ट पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ती दडपणे हा गुन्हा आहे. जो पालक शिक्षकाला जूनपासून ओळखतो तोच अशा वेळी खरी तक्रार आणि खोटी कुरबूर यांतला भेद करू शकतो. ओळख असली म्हणजे जीभ बांधली जाते असे नाही; तिला नेमके काय बोलायचे ते कळते.

तीन मिनिटांचे गणित

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमची बाजू मी विसरलेलो नाही. सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे कायद्याचे प्रमाण आहे. आपल्या पुष्कळ वर्गांत पन्नास-साठ मुले बसतात. पालकसभेला तीन तास दिले आणि साठ पालक आले, तर एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. तीन मिनिटांत प्रगतिपुस्तक उघडून मिटता येते. माणूस ओळखता येत नाही. शिवाय निवडणुकीचे काम, जनगणना, रोज भरायची माहिती. हे सारे मान्य.

तरीही विचारतो: वर्षभरात एकदा तरी, एखाद्या मुलाच्या घरी, त्याने काहीतरी चांगले केले म्हणून तुम्ही निरोप पाठवला आहे का? शाळेतून आलेला निरोप म्हणजे तक्रारच, अशी आपल्या घराघरांत समजूत आहे. शाळेचे नाव भ्रमणध्वनीवर दिसले की आईच्या पोटात गोळा उठतो. "आज तुमच्या मुलीने एका पडलेल्या मुलाला हात दिला," एवढा निरोप पाठवायला अर्धे मिनिट पुरते. त्या अर्ध्या मिनिटाने उघडलेले दार पुढे वर्षभर उघडे राहते. मग एखाद्या दिवशी कडू बोलायची वेळ आलीच, तर ते ऐकून घेतले जाते.

मग करायचे काय?

मोठ्या योजना मला सुचत नाहीत आणि सुचल्या तरी त्यांच्यावर माझा विश्वास नाही. चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, कोणतीही तक्रार नसताना, पालकांनी वर्गशिक्षकांना भेटावे. गुणांविषयी एक शब्दही न बोलता मुलाविषयी बोलावे: त्याला कशाची भीती वाटते, घरी कोण आजारी आहे, तो पहाटे किती वाजता उठतो. साठही जणांनी एका दिवशी येऊ नये. रोज पाच-सहा जण आले तर दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो आणि प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतात.

दुसरी, त्या भेटीत भाषा आईची असावी. शिक्षिकेला मराठी येत नसेल, तर दुभाषा म्हणून दुसरा शिक्षक असावा. मूल कधीही असू नये. मुलाला दूत केले की ते नाइलाजाने लबाड होते. आणि कचेरीत पालकांसाठी खुर्च्या असाव्यात. हे सांगावे लागते याचीच मला लाज वाटते.

तिसरी, पालक-शिक्षक संघ. २०११ च्या फीनियमन कायद्यामुळे तो बहुतेक शाळांत कागदावर आहे आणि फीच्या आकड्यापलीकडे त्याची गाडी क्वचित जाते. वर्षातून दोन सभा अशा घ्याव्यात की जेथे फीचा विषय काढायलाच मनाई असेल. आपल्या शाळांतून इतर धर्मांच्या बंधुभगिनींची मुलेही मोठ्या संख्येने शिकतात. ते पालक या संघात पाहुण्यासारखे बसतात. ते घरच्यासारखे बसले पाहिजेत.

चौथी गोष्ट आम्हां धर्मगुरूंसाठी. धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी, रुग्णभेटीसाठी आम्ही घरोघर जातो. घरात काय चालले आहे ते शिक्षकाआधी आम्हांला कळते. गुपित फोडायचे नाही, हे तर उघडच आहे. पण "बाई, हे टीचरच्या कानावर घाला, मी तुमच्याबरोबर येतो," एवढे म्हणायला कोणते व्रत आडवे येते?

लूककृत शुभवर्तमानातील प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. बारा वर्षांचा येशू जेरुसलेमात मागे राहतो. मरिया आणि योसेफ त्याला आधी नातलगांत आणि ओळखीच्या माणसांत शोधतात. तिसऱ्या दिवशी तो सापडतो तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारीत. रोझरीचे हे आनंदाचे पाचवे रहस्य आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. तीन गोष्टी मात्र आपल्या नजरेतून सुटल्या. ते गुरुजन मुलाचे बोलणे ऐकून घेत होते. आई सर्वांदेखत आपल्या मनातली व्यथा बोलून दाखवते आणि तिला कोणी दाराबाहेर उभे करीत नाही. आणि मुलाचे उत्तर तिला पुरते उमगत नाही, तरी ती ते अंतःकरणात जपून ठेवते; मूलही तिच्याबरोबर घरी जाते आणि तिच्या आज्ञेत राहते. शिकवणारे, आईबाप आणि मूल यांपैकी कोणीही कोणाचा अपमान करीत नाही.

मरिया आणि योसेफ गुरुजनांपर्यंत पोहोचले ते तिसऱ्या दिवशी. आपण दहाव्या महिन्यात पोहोचतो, निकाल लागण्याच्या बेतात असताना. येत्या जूनमध्ये शाळेची घंटा होईल तेव्हा फाटकाशी जी आई उभी असेल, तिला मी या वेळी आत बोलावणार आहे, खुर्ची देणार आहे आणि तिच्या बोलीत पहिला प्रश्न विचारणार आहे. एक प्रश्न विचारायला मला फार वर्षे लागली. आपणही तयार होऊन या; पुष्कळ काही सांगायचे राहिले आहे.